काळी तार कुठं जाते?

कपाटामागचा पत्रा सोडवला आणि आतून तीन काळ्या तारा बाहेर आल्या. जुलैमधली ओहायोतली दमट दुपार, ट्रेलरचा पत्रा तव्यासारखा तापलेला, आणि मी गुडघ्यांवर बसून त्या तारांकडं बघत होते. तिन्ही एकाच भोकातून आलेल्या, तिन्ही काळ्या.

सांगलीत वायरमनच्या घरात वाढलेल्या मुलीला तारांचे रंग शिकवावे लागत नाहीत. लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. शाळेत पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे पाठ होतं. पण अमेरिकेत घरगुती वायरिंगमध्ये काळी तार म्हणजे फेज. न्यूट्रल पांढरी, आणि अर्थ हिरवी किंवा नुसती उघडी तांब्याची. त्या तीन तारांपैकी पहिली होती ती ही, १२० व्होल्टची. दुसरी बॅटरीकडून आलेली. ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे प्लस आणि पांढरी म्हणजे मायनस. तिसरी रेडिओची, आणि तो रेडिओ बसवणारा मोटारींवर काम करणारा असावा, कारण मोटारीत काळी म्हणजे मायनस. तो रिवाज त्यानं इथंही पाळला होता. पन्नास वर्षांत तीन माणसांनी आपापल्या धंद्याच्या शिस्तीनं काम केलं. तिघंही आपापल्या जागी बरोबर. फक्त कुणीच काही लिहून ठेवलं नव्हतं. सांगलीच्या सवयीनं मी काळ्या तारेला न्यूट्रल समजून पक्कड लावली असती, तर हा लेख लिहायला बसले नसते.

हा ट्रेलर म्हणजे गाडीमागं ओढून न्यायचं चाकावरचं घर. आत छोटा ओटा, बेसिन, फ्रिज, झोपायला जागा, न्हाणीघर. आमचा १९७२ सालचा, बाहेरून सगळा अॅल्युमिनिअमचा, हजारो रिव्हेटनी शिवल्यासारखा. वॉली बायम या माणसानं १९३६ साली ‘एअरस्ट्रीम’ कंपनीचा ‘क्लिपर’ ट्रेलर बाजारात आणला तेव्हापासून हा गोल अंगाचा चकचकीत ट्रेलर अमेरिकेच्या सुट्टीची खूणच होऊन बसला आहे. त्या क्लिपरमध्येसुद्धा विजेचे दिवे होते. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना विलगीकरणात ठेवलं, तेही अशाच ट्रेलरवरून बनवलेल्या खोलीत. एअरस्ट्रीमचा कारखाना १९५२ पासून याच ओहायोत, जॅक्सन सेंटर नावाच्या लहानशा गावात आहे, त्यामुळं आमच्या भागात दर दोन-तीन गल्ल्यांआड एखादा जुना ट्रेलर ताडपत्रीखाली उभा दिसतो. आमचा कुठल्या कंपनीचा हे मी सांगणार नाही. त्यात जे बिघडलेलं सापडलं त्यातलं बहुतेक कंपनीनं केलेलं नव्हतं, नंतरच्या हातांनी केलेलं होतं.

एका वृद्ध बाईंकडून आम्ही तो घेतला. त्यांचे यजमान गेलेले, मुलं लांब. “सगळं चालतं,” त्या म्हणाल्या, आणि खरोखरच सगळं चालत होतं. दिवे लागत होते, पंप पाणी ओढत होता, छतावरचा एसी गार हवा देत होता. माझा नवरा म्हणाला, “चालतंय ना? मग कशाला उचकटायचं?” हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. अण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना प्रत्येक घरात कुणी ना कुणी तो विचारायचंच. मला आज या प्रश्नाबद्दलच लिहायचं आहे.

पहिल्याच सहलीत उत्तर मिळालं. कॅम्पच्या जागी रात्री पाऊस झाला होता. सकाळी आमची लेक अनवाणी गवतातून आली, दाराची कडी धरली आणि हात झटकून मागं सरली. “आई, मुंग्या आल्या!” शॉक म्हणावा इतका झटका नव्हता. आमच्याकडं पावसाळ्यात ओल्या भिंतीला ‘करंट उतरतो’ तसं. मी आधी कॅम्पच्या जागी वीज देणाऱ्या खांबावरचा प्लग काढला, मग मल्टीमीटर काढला. लेकीला आणि नवऱ्याला बाजूला उभं केलं, रबरी सोलचे बूट घातले, प्लग पुन्हा लावला आणि मातीत खुपसलेला स्क्रू ड्रायव्हर आणि दाराची कडी यांच्यामध्ये मोजलं. चार व्होल्टच्या थोडं वर. कोरड्या जमिनीवर चपला घालून उभ्या माणसाला ते कळलंही नसतं. ओल्या मातीत अनवाणी पोरीला कळलं.

कारण डीबीत, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, सापडलं. घराच्या मुख्य डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एका ठिकाणी जोडलेले असतात, तसे ते असायलाच हवेत. पण ट्रेलर हे घर नव्हे, ते खांबावरून वीज घेणारं उपकरण आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांची गाठ मागं, जिथून वीज येते तिथं, मारलेली असते. ट्रेलरच्या आत ती दुसऱ्यांदा मारायची नसते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत या गाड्यांसाठी ५५१ क्रमांकाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या डीबीत न्यूट्रलच्या पट्टीला एक हिरवा स्क्रू आरपार घालून पेटीला आवळलेला होता. ज्यानं डीबी बदलला त्यानं घराचा डीबी बसवताना करतो तेच सवयीनं केलं. त्यामुळं परत जाणारा करंट न्यूट्रलमधून आणि अर्थमधून, म्हणजे पर्यायानं सगळ्या पत्र्यातून, वाटून वाहत होता. वर खांबावरच्या सॉकेटचा अर्थ ढिला. त्या दिवशी चार व्होल्टवर भागलं. अर्थ असा ढिला असताना न्यूट्रलही कुठं निसटली असती, तर फ्रिजमधून, एसीमधून गेलेले १२० व्होल्ट थेट दाराच्या कडीवर येऊन बसले असते, आणि एकही ब्रेकर पडला नसता. एसी बंद पडला म्हणून आम्ही बाहेर बघायला गेलो असतो, ओल्या गवतातून.

तो हिरवा स्क्रू मी काढला. अजून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला आहे.

घरी आल्यावर ठरवलं, की एक तार बदलायच्या आधी प्रत्येक तार शोधायची. इथल्या जुन्या ट्रेलरच्या शौकिनांमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मूळ वायरिंगला हात लावू नका, त्यातच मजा आहे. दुसरा म्हणतो, सगळं ओरबाडून काढा आणि नवं टाका. मला दोन्ही पटत नाहीत. जुने दिवे, त्यांच्या दुधी काचा, टपोरी बटणं मी जपली आहेत, ती तशीच राहावीत असं मला मनापासून वाटतं. पण भिंतीआड कुजलेल्या तारेला जपण्यात कसली मजा? आणि ओरबाडणाऱ्यांबद्दल सांगायचं तर, जुनी तार कुठून कुठं जात होती हे न बघता ती कापून टाकली की तिच्याबरोबर मागच्या माणसाचा विचारही कापला जातो. ती तार तिकडून का नेली होती, मध्ये काय चुकवायचं होतं, कुठं पाणी गळत होतं म्हणून वळवली, हे पुन्हा कधी कळत नाही.

तारा शोधायला आम्हाला सहा शनिवार लागले. आधी बाहेरून वीज आणणारी केबल काढली, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, गॅसच्या टाक्या बंद केल्या. मल्टीमीटरच्या एका टोकाला तीस फुटी मऊ तार जोडून तिला मगरचिमटा लावला, म्हणजे पुढच्या टोकाला बसून मागच्या दिव्याशी बोलता येतं. लेक मागं, मी पुढं. तिनं चिमटा लावायचा, मी एकेका तारेला टोक लावत जायचं, ‘बीप’ आला की दोन्ही टोकांना एकच नंबर. कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलनं नंबर, आणि वहीत तोच नंबर, रंग, जाडी, कुठून, कुठं. मी आधी बॉलपेननं लिहायला घेतलं होतं, मग पेन्सिल घेतली. का, ते पुढं सांगते. एकूण ७१ नंबर झाले.

तपासताना अण्णांची एक सवय मी सोडली नाही. तार मेली आहे असं मानण्याआधी टेस्टर ज्या ठिकाणी वीज नक्की आहे तिथं लावून बघायचा, मग संशयाच्या तारेला लावायचा, मग पुन्हा चालू ठिकाणी. टेस्टरच मेलेला असेल तर तो सगळ्या तारा मेल्या म्हणून सांगेल. “रंगावर जाऊ नको गं, टेस्टर लाव. आणि टेस्टरलाबी टेस्टर लाव,” हे त्यांचं वाक्य मी इथल्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये वीस वर्षं हाताखालच्या पोरांना इंग्रजीतून सांगत आले आहे.

काय काय सापडलं त्यातलं थोडंसंच सांगते. सोफ्यामागं एक तार कापून भिंतीत ढकलून दिलेली होती, टोक उघडं. ती कुठल्याच दिव्याला, पंख्याला जात नव्हती, पण मागून थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली होती. लोकांना वाटतं १२ व्होल्टनं काय होतंय. शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि तेवढ्यात तार लालभडक होऊन शेजारचा फोम पेटायला वेळ लागत नाही. ते उघडं टोक आणि अॅल्युमिनिअमची भिंत यांच्यामध्ये फक्त एक काचलोकरीचा पापुद्रा होता.

काचेच्या फ्यूजांच्या पेटीत पंपाच्या जागी १५ अँपिअरच्या ऐवजी ३० चा फ्यूज होता, आणि त्याच्या शेजारच्या फ्यूजवर चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. सांगलीत हेच मी चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये पाहिलं आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून कुणीतरी त्यात जाड तार बांधून देतं आणि घरातले म्हणतात, झालं एकदाचं. फ्यूज हा पंपाला वाचवायला नसतो, भिंतीतल्या तारेला वाचवायला असतो. इथल्या मापात १४ नंबरच्या तांब्याच्या तारेला १५ अँपिअर, १२ नंबरला २०, १० नंबरला ३०. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. जाणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो. त्याचं तोंड दाबलं की तीच गोष्ट भिंत सांगते, तीही धुरानं.

आणि एक जागा जवळून दाखवते. ट्रेलरच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामध्ये अॅल्युमिनिअमच्या फासळ्या असतात, त्यांना भोकं पाडून केबल पुढं नेलेली असते. प्रत्येक भोकात रबरी बुश हवा. न्हाणीघराच्या वरच्या फासळीत बुश नव्हता, वाळून पडून गेला असेल. केबलचं पांढरं आवरण त्या धारेवर पन्नास वर्षं हिंदकळत घासलं गेलं होतं. मी टॉर्च लावून जवळून बघितलं. आवरण कापलं गेलेलं, आतल्या काळ्या तारेचं प्लॅस्टिक निम्म्यापेक्षा जास्त कापलेलं, आणि कापाच्या तळाशी एक चमक. धातूची. बाकी ठिकाणी नखाच्या अर्ध्या जाडीएवढंच प्लॅस्टिक उरलं होतं. गाडी महामार्गावर आणखी किती मैल गेली असती म्हणजे तेही कापलं गेलं असतं, याचा हिशेब मी करत बसले नाही. पण त्या दिवशी बाकीच्या सगळ्या फासळ्या हातानं चाचपल्याशिवाय उठले नाही.

ती चमक रुपेरी होती, तांबूस नव्हती. म्हणजे तार अॅल्युमिनिअमची. तांबं महाग झालं तेव्हा साठच्या दशकाच्या मध्यापासून १९७३ च्या आसपासपर्यंत अमेरिकेत घरांमध्ये अशी तार पुष्कळ वापरली गेली. अॅल्युमिनिअम वाईट धातू नाही, खांबावरून खांबावर जाणाऱ्या तारा त्याच्याच असतात. अडचण जोडावर येते. तापलं की ते तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त फुगतं, निवलं की आकसतं, आणि स्क्रूखाली दर वेळी थोडं थोडं ढिलं होत जातं. वर त्याच्यावर हवेनं जो पापुद्रा येतो तो वीज वाहून नेत नाही. ढिला जोड तापतो, तापलेला आणखी ढिला होतो. इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा निष्कर्ष असा, की १९७२ पूर्वीच्या अॅल्युमिनिअम तारेच्या घरांत सॉकेटचा एखादा जोड आग लागण्याच्या स्थितीला पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट असते. आमच्या ओट्याशेजारचं सॉकेट काढलं तेव्हा त्याची मागची बाजू चहाच्या डागासारखी तपकिरी झालेली होती, आणि आत कुणीतरी अॅल्युमिनिअमला तांब्याची तार नुसती पीळ देऊन, टेप गुंडाळून जोडली होती. त्या सॉकेटवर आम्ही पहिल्या सहलीत चहाची किटली लावली होती. ती व्यवस्थित चालली होती.

म्हणून म्हणते, ‘चालतंय’ हा पुरावा नव्हे. वीज फार सोशिक असते. अर्धी कापलेली तार, पिळलेला जोड, चांदी गुंडाळलेला फ्यूज, या सगळ्यांतून ती निमूट वाहते, दिवा लावते, पंखा फिरवते. ती तक्रार करते ती एकदाच.

बाकीचं पटकन सांगते. मागचा डावा इंडिकेटर लावला की दोन्ही टेल लॅम्प मंद होऊन त्याच्याबरोबर लुकलुकायचे. हे जुन्या ट्रेलरचं नेहमीचं दुखणं. दिव्यांचा मायनस गंजलेल्या चासीतून परत येत होता, गंजात वाट मिळेना म्हणून करंट शेजारच्या दिव्यांतून उलटा घुसत होता. प्रत्येक दिव्याला स्वतःची पांढरी मायनस तार पुढपर्यंत टाकली, दुखणं गेलं. बॅटरी भरणारा जुना ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र गुणगुणत बॅटरी उकळवत होता. त्याच्या जागी टप्प्याटप्प्यानं भरणारा नवा बसवला, जो आधी १४.४ व्होल्ट देतो, मग १३.६, आणि गाडी नुसती उभी असली की १३.२ वर येतो. जुने बल्ब प्रत्येकी दीड अँपिअरच्या आसपास घ्यायचे, म्हणजे दहा लावले की १४-१५. त्याच दिव्यांत एलईडी घातल्यावर दहांचे मिळून दोनेक अँपिअर होतात. आणि १२० व्होल्टची सगळी अॅल्युमिनिअमची तार काढून तांब्याची टाकली.

१२ व्होल्टला तार जाड लागते, हे इथल्या अनुभवी लोकांनाही पटवावं लागतं. पंचवीस फुटांवरचा पंप दहा अँपिअर घेतो म्हणू. १४ नंबरच्या तारेत जाऊन-येऊन पन्नास फुटांत सव्वा व्होल्ट हरवतो. १२० मधून सव्वा गेला तर कुणाला कळत नाही, १२ मधून गेला तर पंप कण्हायला लागतो आणि लोक नवा पंप आणतात. १० नंबरची तार टाकली की गळती अर्ध्या व्होल्टवर येते. पंप बदलावा लागत नाही.

आणि सॉकेटांच्या मागं जीएफसीआय बसवले. बर्कलीच्या चार्ल्स डालझील या प्राध्यापकानं १९६१ साली शोधलेली ही गोष्ट. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. पाच मिलिअँपिअरचा फरक पडला तरी, म्हणजे तेवढा करंट दुसऱ्या वाटेनं, कदाचित माणसाच्या अंगातून गेला तरी, वीज तोडते. भारतात हेच काम आरसीसीबी करतो, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा. शेवटी एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनला पैसे देऊन सगळं तपासून घेतलं. स्वतःचं काम स्वतःच पास करायचं नसतं, मग हातात डिप्लोमा असो की वीस वर्षांचा अनुभव.

आता पेन्सिलीबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आमच्या घरात ते छातीपर्यंत होतं. मीटरचा बोर्ड बुडाला. पाणी ओसरल्यावर सगळ्या गल्लीत वायरमनची ओढाताण होती. आमच्याकडं एक तरुण वायरमन आला. अण्णा तेव्हा ऐंशीचे, स्टुलावर चढू शकत नव्हते, खाली खुर्चीत बसून होते. त्या पोरानं जुन्या लाकडी बोर्डाचं झाकण काढलं, आतला गाळ पुसला, आणि विचारलं, “आजोबा, हे कुणी लिहिलंय?” झाकणाच्या आतल्या बाजूला अण्णांच्या अक्षरात सुतारी पेन्सिलीनं सगळं लिहिलेलं होतं. एक, माजघर दिवा-पंखा. दोन, स्वयंपाकघर. तीन, मोटर, अर्थ वेगळा, तुळशीमागं. खाली तारीख. झाकणावर चिकटवलेल्या कागदाचा लगदा झाला होता, शाईचा पत्ता नव्हता, पण लाकडात रुतलेली पेन्सिल पाच दिवसांच्या पुरातून तशीच राहिली होती. त्या पोरानं आमचं घर अर्ध्या दिवसात तपासून सुरू केलं. शेजारी त्यालाच चार दिवस भिंती ठोकाव्या लागल्या, कारण तिथं कुठली तार कुठं जाते हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

अण्णा प्रत्येक घरात असं लिहीत. कुणी सांगितलेलं नसे, कुणी त्याचे पैसे देत नसे. मला लहानपणी त्याचा राग यायचा. काम संपलं, माझी भूक मरायला आलेली, आणि हे आपले स्टुलावर उभे राहून झाकणाच्या आत अक्षर काढत बसलेले. ट्रेलरमधून मी त्यांना व्हिडिओवर त्या तीन काळ्या तारा दाखवल्या. त्यांनी बराच वेळ बघितलं. “तिघंबी शिकलेले दिसतात,” ते म्हणाले, “पण एकानंबी कुणाला सांगितलं नाही.”

मी हे अमेरिकेच्या गाडीबद्दल लिहिते आहे, पण लिहिताना डोळ्यांसमोर महाराष्ट्रातली घरं आहेत. तांबं परदेशातून आणावं लागे त्या काळात आपल्याकडंही घराघरांत अॅल्युमिनिअमची तार टाकली गेली, आणि कितीतरी जुन्या चाळींत, वाड्यांत, सोसायट्यांत ती अजून आहे. ती टाकली तेव्हा खोलीत एक दिवा, एक पंखा, एक रेडिओ होता. आज त्याच तारेवर गीझर, एसी, इंडक्शन, वॉशिंग मशीन. नव्या कनेक्शनला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो एकदा दिला, की त्यानंतर चाळीस वर्षं घराच्या आत कुणी काय जोडलं, हे बघायला सहसा कुणी येत नाही. मीटरच्या पलीकडं महावितरण, अलीकडं आपण.

वायरमनला मी दोष देणार नाही. वायरमनच्या घरात जेवून मोठी झालेली मी तो कसा देणार? आपली पैसे द्यायची पद्धतच अशी आहे. आपण पॉइंटला पैसे देतो. दिव्याचा पॉइंट इतके, पंख्याचा इतके, पॉवर पॉइंट इतके. तारा शोधायचे पैसे नाहीत, नंबर घालायचे नाहीत, डायग्राम काढायचे तर नाहीतच. ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम दिवसाला दोन घरं उरकायची असलेला माणूस का करेल? अण्णांनी केलं, ती त्यांची जिद्द होती. सगळ्यांकडून जिद्दीची अपेक्षा ठेवणं म्हणजे फुकटात काम मागणं. सोसायट्यांना रंगासाठी लाखो रुपये काढता येतात, गेटवर कॅमेरे बसवता येतात. प्रत्येक मजल्याच्या वायरिंगचा एक डायग्राम काढून घेणं त्यांना परवडणार नाही असं मला कुणी सांगू नये.

पुढच्या वेळी वायरमन घरी येईल तेव्हा पॉइंटचा दर ठरवताना डायग्रामचाही दर ठरवा, आणि तो घासाघीस न करता द्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते विचारा, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघा. अर्थची तार कुठं जाते ते त्याला दाखवायला सांगा, स्वतः जाऊन ती जागा बघा. डीबीतल्या प्रत्येक एमसीबीसमोर तो कुठल्या खोलीचा ते लिहून घ्या. भिंतीत कुठं जोड असेल तर तोही लिहा. कागद नको, झाकणाच्या आतल्या बाजूलाच लिहा, पेन्सिलनं, आणि खाली तारीख घाला.